रोटा लस : वेळ कोणती, मुदत कोणती

(सारोळे, ता. भोर, जि. पुणे येथे ग्रामपंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



बाळ दीड महिन्याचे झाले की त्याला ज्या दिवशी लसी देण्यात येतात, त्या दिवशी सुयांखेरीज त्याच्या तोंडातही दोन प्रकारचे औषध पडते. एक पोलिओचे थेंब आणि दुसरी रोटाची लस. पोलिओचा डोस आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. तो ठाऊक करून देण्यासाठी आपण सर्वांनीच कित्येक रविवार खर्ची घातले आहेत. त्या रविवारी पाच वर्षांच्या आतील दिसेल त्या मुलाच्या तोंडात थेंब टाकायचे, एखादे राहिले तर पुढच्या खेपेस टाकायचे, ही रीत अंगवळणी पडली आहे. तोंडावाटे द्यायची म्हणून रोटाची लसही लोक त्याच रांगेत बसवतात आणि तिलाही तोच न्याय लावतात. घोटाळा होतो तो येथेच. रोटाला पाच वर्षांची मुदत नाही. तिची वेळ बाळाच्या बेचाळिसाव्या दिवशी सुरू होते, आणि पहिली मात्रा पहिल्या वाढदिवसापूर्वी घेतलेली नसेल तर आपल्या शासकीय कार्यक्रमात ती पुढे सुरू करता येत नाही. ह्या दोन दिवसांमध्ये सुमारे साडेदहा महिन्यांचे अंतर आहे. तेवढा काळ हाताशी आहे असे समजून चालणे हाच आजचा मुख्य गैरसमज होय, आणि त्याविषयीच मला बोलावयाचे आहे.

प्रथम रोगाविषयी थोडे. रोटा हा विषाणू १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना जुलाबाने आजारी असलेल्या मुलांच्या आतड्यात आढळला. सूक्ष्मदर्शकातून तो चाकासारखा दिसतो. चाकाला लॅटिन भाषेत ‘रोटा’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. जुलाब म्हटले की आपल्याला पावसाळा आणि गढूळ पाणी आठवते. हा विषाणू मात्र आपल्याकडे थंडीत अधिक जोर करतो. केवळ शुद्ध पाण्याने तो आटोक्यात येत नाही. नळाचे पाणी सर्वत्र निर्धोक असलेल्या अमेरिकेतसुद्धा लस येण्यापूर्वी दरवर्षी पंचावन्न ते सत्तर हजार मुलांना ह्या एका विषाणूमुळे रुग्णालयात दाखल करावे लागत असे. आपल्या देशात लस येण्यापूर्वीच्या काळातील अंदाज असा की, वर्षाला सुमारे ७८,००० मुले रोटामुळे दगावत आणि पावणेनऊ लाखांच्या घरात मुले रुग्णालयात दाखल होत. मृत्यूंपैकी सुमारे ५९,००० बाळाच्या पहिल्या दोन वर्षांतील होते. ताप, उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब एकदम सुरू होतात. उलट्यांमुळे पाजलेले साखर-मिठाचे पाणी पोटात ठरत नाही आणि लहान अंगातले पाणी पाहता पाहता आटते.

आता वयाचा मुद्दा. तमिळनाडूतील वेल्लोर येथे जन्मापासून तीन वर्षे बालकांचा मागोवा घेण्यात आला. त्या अभ्यासात असे दिसले की, निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा ५६ मुलांना, सहा महिन्यांच्या आतच रोटाचा संसर्ग झालेला होता. हा एकच आकडा मी आपणांस लक्षात ठेवण्याची विनंती करतो, कारण लस उशिरा देऊन काय बिघडते ह्याचे उत्तर त्यात आहे. सातव्या महिन्यात पहिली मात्रा घेणारे बाळ नियमात बसते खरे, परंतु विषाणू बहुधा त्याच्या घरी आधीच येऊन गेलेला असतो.

मग खालची मर्यादा सहा आठवड्यांची का? जन्मतःच थेंब का देऊ नयेत? आईकडून आलेले संरक्षक घटक बाळाच्या रक्तात पहिल्या आठवड्यांत भरपूर असतात आणि लसीतील जिवंत पण सौम्य केलेल्या विषाणूला ते आतड्यात नीट रुजू देत नाहीत. शिवाय आज आपल्याकडे वापरात असलेल्या लसींच्या चाचण्या सहा आठवड्यांपासून पुढच्या बाळांवर झालेल्या आहेत, आणि त्याच दिवशी इतरही लसी द्यावयाच्या असल्याने आईची एक खेप वाचते.

वरच्या मर्यादेचा इतिहास अधिक सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये ‘रोटाशील्ड’ नावाच्या पहिल्या रोटा लसीला परवाना मिळाला. वर्षही झाले नव्हते तोच काही बाळांच्या आतड्यात आतडे शिरल्याचे आढळू लागले. दुर्बिणीची एक नळी दुसरीत सरकावी तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो, रक्तपुरवठा अडतो, आणि वेळीच उपाय न झाल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. हा विकार लसीवाचूनही होतो. तीन महिन्यांच्या आत तो विरळ असतो आणि साधारण चार ते दहा महिन्यांच्या वयात अधिक दिसतो. रोटाशील्डमुळे दहा हजार बाळांमागे साधारण एक असे त्याचे प्रमाण वाढल्याचा अंदाज निघाला, आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये ती लस बाजारातून काढून घेण्यात आली. पुढे नोंदी तपासल्या तेव्हा एक गोष्ट उघड झाली. पहिली मात्रा नव्वद दिवसांनंतर घेतलेली बाळे शेकडा ३८ होती, पण ह्या विकाराच्या घटनांपैकी शेकडा ८० त्यांच्यात घडल्या होत्या.

त्यानंतर आलेल्या लसींच्या चाचण्या साठ हजारांहून अधिक बाळांवर घेण्यात आल्या आणि त्यांत पहिली मात्रा कोवळ्या वयातच देण्याची दक्षता घेतली गेली. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सर्व देशांना रोटा लसीची शिफारस केली तेव्हा पहिली मात्रा पंधरा आठवड्यांच्या आत आणि शेवटची बत्तीस आठवड्यांच्या आत अशी कडक अट घातली. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. पंधरा आठवड्यांनंतर नव्या लसी घातक आहेत असे कोणी सिद्ध केलेले नव्हते. त्या वयात चाचणी झालेली नव्हती, एवढाच त्या अटीचा अर्थ होता.

ही अट श्रीमंत देशांना परवडली. जेथे लसीकरण वेळेवर होत नाही तेथे मात्र तिने विचित्र परिस्थिती निर्माण केली. ज्या दुर्गम वस्तीतल्या बाळाला लसीची गरज सर्वाधिक, तेच उशिरा येणार आणि तेच दारातून परत जाणार! तेव्हा संशोधकांनी हिशेब मांडला. कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत वयाची अट पाळली तर वर्षाला सुमारे १,५५,८०० रोटा-मृत्यू टळतील आणि आतड्याच्या विकाराने २५३ मृत्यू ओढवू शकतील. अट उठवली तर २,०३,००० मृत्यू टळतील आणि ५४७ ओढवू शकतील. म्हणजे अट उठवल्याने वाढीव ४७,२०० जीव वाचणार आणि त्यापोटी वाढीव २९४ धोक्यात येणार. तागडीच्या दोन्ही पारड्यांत मुलेच आहेत, म्हणून हा हिशेब मांडणे सोपे नव्हते. परंतु तो उघडपणे मांडला गेला, ही माझ्या मते फार मोठी गोष्ट होय. २०१३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली. सहा आठवडे पूर्ण होताच शक्य तितक्या लवकर सुरुवात करावी, परंतु उशीर झाला म्हणून बाळाला नाकारू नये, असे नवे धोरण ठरले. दोन वर्षांवरील मुलांना मात्र ही लस देण्याची शिफारस नाही.

आपल्या देशाने मधला मार्ग धरला. २०१६ च्या मार्चमध्ये ओडिशा, आंध्र प्रदेश, हरियाणा आणि हिमाचल प्रदेश ह्या चार राज्यांत रोटा लस सार्वत्रिक लसीकरणात आली. २०१९ मध्ये ती महाराष्ट्रासह सर्व देशभर पोहोचली. मात्रा तीन : सहा, दहा व चौदा आठवड्यांना. आपल्या बोलीत दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. दोन मात्रांमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर हवे. पहिली मात्रा वर्षाच्या आत कधीही देता येते. ती वर्षाच्या आत मिळालेली असेल, तर राहिलेल्या दोन मात्रा चार-चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण कराव्यात. त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही.

ह्याच ठिकाणी गावोगावी एक वाद उभा राहतो. खासगी बालरोगतज्ज्ञ बहुधा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालतात. त्यात पहिली मात्रा पंधरा आठवड्यांच्या आत आणि अखेरची आठ महिन्यांच्या आत अशी मर्यादा आहे. म्हणून पाच महिन्यांचे बाळ घेऊन गेलेल्या आईला शिरवळला किंवा पुण्याला “आता वय उलटले” असे सांगितले जाते, आणि उपकेंद्रातील आरोग्यसेविका त्याच बाळाला मात्रा देण्यास तयार असते. आई गोंधळते. एक खरे तर दुसरे खोटे, असे तिला वाटते. आपण तिला सांगावे की, एक वेळापत्रक मोठ्या चाचण्यांच्या मर्यादेला धरून आहे, दुसरे उशिरा येणाऱ्या बाळांचा हिशेब जमेस धरून आखलेले आहे, आणि बाळ वर्षाच्या आतले आहे तोवर शासकीय सत्रात त्याला पहिली मात्रा मिळण्याचा मार्ग मोकळा आहे. आणि चौदा आठवड्यांत तिन्ही मात्रा पूर्ण झालेल्या घरात हा वाद निघतच नाही.

लसीवर विश्वास का ठेवावा, असे कोणी विचारील, तर पुणे जिल्ह्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८५-८६ च्या सुमारास काही नवजात बाळांत एक रोटा विषाणू सापडला. तो बाळांना आजारी न पाडता संरक्षण देऊन जात होता. डॉ. महाराज किशन भान यांच्या पुढाकाराने त्यावर दीर्घकाळ काम होऊन ‘रोटाव्हॅक’ ही लस तयार झाली. तिची मोठी चाचणी ६,७९९ बालकांवर तीन ठिकाणी झाली : दिल्ली, वेल्लोर आणि पुणे. पुण्याचा भाग के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने शिरूर तालुक्यातील वढू येथे सांभाळला. दुसरी भारतीय लस ‘रोटासील’ हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. रोटाव्हॅकचे पाच थेंब देतात. रोटासीलच्या सुरुवातीच्या प्रकारात पूड द्रावणात मिसळून अडीच मिलिलीटर पाजतात. तेव्हा “मागच्या गावी पाचच थेंब दिले, येथे एवढे का?” अशी शंका कोणी काढल्यास घाबरण्याचे कारण नाही.

ह्या लसीने सर्व जुलाब थांबतील असे आश्वासन कृपया कोणीही देऊ नये. चाचणीत रोटाव्हॅकने रोटाच्या गंभीर आजारापासून सुमारे ५५ टक्के संरक्षण दिले. जुलाबाची इतर कारणे तशीच राहतात. “लस घेऊनही मुलाला जुलाब झाले” ही तक्रार आपल्या कानांवर येणारच, आणि तिचे उत्तर आधीच देऊन ठेवले तर पुढच्या लसीवरचा विश्वास उडत नाही. आतड्याच्या विकाराबाबत म्हणाल तर, २७ रुग्णालयांतील नोंदींवर आधारलेला भारतीय अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि रोटाव्हॅकमुळे तो विकार वाढल्याचे त्यात आढळले नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. सारोळे हे नीरेच्या पुलाजवळचे, महामार्गावरचे गाव. पलीकडे सातारा जिल्हा, शिरवळचे कारखाने. अलीकडे भाटघरच्या पाणलोटातली गावे, आणि त्यापुढे वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या डोंगरवाड्या. ह्या सर्व ठिकाणी उशीर होण्याचे कारण अनास्था नसून बहुधा दिनदर्शिका असते.

पहिले कारण माहेर. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. सव्वा महिना झाला की बाळ-बाळंतिणीला पोचवण्याची बोलणी सुरू होतात. सव्वा महिना म्हणजे सदतीस-अडतीस दिवस, आणि रोटाची पहिली मात्रा बेचाळिसाव्या दिवशी! म्हणजे नेमक्या त्याच आठवड्यात बाळ सारोळ्याहून हडपसरला, मुंबईला किंवा वाईला जाते. माहेरची आशा त्याला यादीतून वगळते, सासरच्या आशेच्या यादीत ते अजून आलेले नसते. जी आई तीन महिने माहेरी राहते तिच्या बाळाच्या दोन मात्रा येथे होतात आणि तिसरी प्रवासात हरवते. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड बाळाच्या दुपट्याबरोबर गेलेच पाहिजे, आणि पाठवणीपूर्वी चार दिवस थांबून बेचाळिसावा दिवस गाठावा, असे घरातील वडीलधाऱ्यांना सुचवावे. हे काम आरोग्यसेविकेपेक्षा गावातली जाणती बाई अधिक सहज करू शकेल.

दुसरे कारण सत्राचा वार. लहान वस्त्यांत लसीकरणाचे सत्र महिन्यातून एकदा असते. समजा, ते दुसऱ्या मंगळवारी आहे आणि बाळ बुधवारी जन्मले. सत्राच्या मंगळवारी ते एक्केचाळीस दिवसांचे आहे. एक दिवस कमी, म्हणून मात्रा देता येत नाही, आणि ते योग्यच होय. पण पुढचे सत्र येईल तेव्हा ते एकोणसत्तर किंवा शहात्तर दिवसांचे झालेले असते. तेथून चालत राहिले तर तिसरी मात्रा अठ्ठ्याण्णवाव्या दिवसाऐवजी एकशे बत्तिसाव्या दिवसाच्या आसपास पडते. एका दिवसाच्या फरकाने महिन्याहून अधिक उशीर झाला, आणि ह्यात चूक कोणाचीच नाही! मध्ये एकदा पाऊस, एकदा लग्न, एकदा बाळाला ताप आला की सहा महिने सहज उलटतात. अशा बाळाला त्याच आठवड्यात उपकेंद्राच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सत्राला पाठवणे हा उपाय आहे. आरोग्यसेविकेने तसे सांगितल्यास तिला “आमच्या गावात येऊनच द्या” असा आग्रह पंचायत सदस्यांनी करू नये. त्याऐवजी जाण्या-येण्याची सोय पाहावी.

हा हिशेब महिन्यांनी न करता आठवड्यांनी करावा. शिक्षकांनी ही युक्ती पालकांना अवश्य शिकवावी : ज्या वारी बाळ जन्मले तोच वार सहाव्यांदा उलटून आला की बाळ सहा आठवड्यांचे झाले. दिनदर्शिकेवर त्या वाराला खूण करावी, पुढे चार-चार आठवडे मोजून आणखी दोन खुणा कराव्यात. ज्या घरात वाचता येत नाही तेथेही वार सर्वांना कळतो.

तिसरे कारण पंचायतीच्या दप्तराशी संबंधित आहे. जन्माची वर्दी एकवीस दिवसांत द्यावी असे कायदा सांगतो. म्हणजे बेचाळिसाव्या दिवसाच्या निम्म्या वाटेवरच गावाला प्रत्येक बाळाची माहिती असायला हवी. प्रत्यक्षात नोंद होते ती जन्म झाला त्या ठिकाणी. बाळंतपणे आता रुग्णालयांत होतात. त्यामुळे सारोळ्याच्या बाळाची नोंद भोर, शिरवळ वा पुण्याच्या दप्तरी राहते आणि येथील नोंदवही जवळजवळ कोरी दिसते. ह्या नोंदवहीवरून “गावात लसीकरणास बाळेच नाहीत” असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. खरी यादी आशा व अंगणवाडी सेविका यांच्याकडील गरोदर मातांच्या नोंदीतून तयार होते. मासिक सभेत ती यादी आणि सत्राची यादी शेजारी ठेवून पाहावी. दहा मिनिटांचे काम आहे.

त्या यादीतही न येणारी काही बाळे आहेत. कारखान्यांच्या कामासाठी परप्रांतांतून आलेली, महामार्गालगत भाड्याच्या खोल्यांतून राहणारी कुटुंबे, वीटभट्ट्यांवरची माणसे, आणि हंगामात पाचटाच्या खोपीत राहणारे ऊसतोड कामगार. त्यांचे कार्ड बीडचे असो वा बिहारचे, त्यांच्या बाळाला येथील सत्रात मात्रा मिळाली पाहिजे. कार्ड हरवले असेल तरीही वर्षाच्या आतील बाळाला परत पाठवू नये. यू-विन ह्या संगणकीय नोंदीमुळे मागचे डोस शोधणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. थंडी म्हणजे रोटाचा हंगाम आणि उसाचा हंगाम हे दोन्ही एकाच वेळी येतात, हे लक्षात घेता खोल्या देणारे मालक आणि मुकादम यांना सत्राचा दिवस कळवणे पंचायतीला सहज शक्य आहे.

सभेनंतर नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही गोष्टी सांगून माझे बोलणे संपवतो. लसीपूर्वी किंवा नंतर अंगावरचे दूध थांबवू नये. दूध थोडा वेळ थांबवल्याने लसीचा गुण वाढत नाही, असे दिल्लीत मुद्दाम केलेल्या अभ्यासात दिसले आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय जन्माच्या तारखेपासूनच मोजावे. साधी सर्दी वा किरकोळ ताप ही मात्रा पुढे ढकलण्याची कारणे नव्हेत. जोराचे जुलाब चालू असतील तर मात्र ते थांबेपर्यंत वाट पाहावी. ज्या बाळाला पूर्वी आतड्यात आतडे शिरण्याचा विकार झाला असेल त्याला ही लस देऊ नये. लस घेतलेली असो वा नसो, बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन कळवळून रडू लागले, उलट्या होऊ लागल्या आणि शौचावाटे रक्तमिश्रित लाल बुळबुळीत आव पडू लागली, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

आणि वर्ष उलटून गेलेल्या, एकही मात्रा न मिळालेल्या बाळाचे काय? त्याला रोटाचे थेंब आता मिळणार नाहीत. तसे आईला स्पष्ट सांगावे, आणि तेवढ्यावर तिला दारातून परत पाठवू नये. गोवर-रुबेला व पोलिओ यांच्या राहिलेल्या मात्रा त्याला त्याच सत्रात देता येतात. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनीचे पाणी घोट-घोट कसे पाजायचे आणि जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस कशा द्यायच्या, हे तिला तेथेच करून दाखवावे.